मागचा डावा स्पीकर

१२ जानेवारी १९९९, मंगळवार

मयूरी! कडेगावची मयूरी!

भाऊसो सकाळी दुकानाचं शटर वर ढकलता ढकलता म्हणाले, "दिग्या, उद्या कडेगावला जायचंय. सुभेदार हंबीररावांकडं. त्यांची पोरगी घरात कॉम्प्युटरचा क्लास काढतीय. मयूरी का कायतरी नाव हाय." माझ्या हातातला मॉनिटर पडता पडता वाचला.

कडेगावची मयूरी दुसरी कोण असणार! कॉलेजात होतो तेव्हा वर्षभर विश्रामबागच्या स्टॉपवर तिच्यासाठी गाड्या सोडल्या मी. बोललो एकदाच — "किती वाजले?" आणि माझ्या हातात घड्याळ होतं.

मग कॉलेजच सुटलं. सुटलं कसलं, सोडलं. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. सर प्रॅक्टिकलला सगळ्यांसमोर म्हणाले, सर्किट दुसऱ्याचं उचललंयस. स्वतः बसून, बोटं भाजून घेऊन जोडलेलं सर्किट! जर्नल दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून भिरकावलं आणि चालू लागलो. तेव्हापासून इथं भाऊसोंच्या दुकानात कॉम्प्युटर जोडतो, आणि तिकडं साताऱ्याला आण्णा माझ्याशी बोलत नाहीत. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा फेकीन.

असो. उद्या कुठला शर्ट?

१३ जानेवारी, बुधवार. भोगी

गेलो, जोडला, आलो.

ओळखलं की नाही, कळलं नाही. "या" म्हणाली. मग "चहा घेणार की सरबत?" मी म्हणालो, "हो." ती आत गेली आणि दोन्ही घेऊन आली.

घर छान आहे. मागं नवं स्लॅबचं, पुढं मात्र जुना कौलारू सोपा, शेणानं सारवलेला. क्लास सोप्यातच भरणार, उन्हाळ्यात गार असतो म्हणून. तिचं टेबल भिंतीला, समोर पोरांना बसायला सतरंजी. कॉम्प्युटर सध्या एकच.

सुभेदार फौजेच्या सिग्नलमधून, म्हणजे तारा-टेलिफोनच्या खात्यातून, रिटायर झालेत. मिशा मोठ्या, बोलणं कमी. कॉम्प्युटर चालू झाल्यावर आत गेले आणि एकेक करून चार लाकडी खोकी उचलून आणली. स्पीकर! जपानी. बंगळूरला पोस्टिंग होतं तेव्हा घेतलेले. सोबत चार चॅनेलचा ॲम्प्लिफायर. दोन स्पीकर पुढं ठेवायचे, दोन मागं, मधे माणसानं बसायचं — आवाज चारी बाजूंनी.

"इंजिनिअर," मला म्हणाले, "हे जोडायचे."

मी म्हणालो, कॉम्प्युटरबरोबर दोन छोटे स्पीकर दिलेत की.

"ती खेळणी तुझ्याकडं ठेव. ह्ये चाललं पायजेत. न्हाई चाललं तर तुझा कॉम्प्युटर परत घिऊन जायाचा."

इतक्यात मयूरी म्हणाली, "मी करून बघू?" आणि एका स्पीकरची वायर सोलून, जुन्या हेडफोनच्या पिनेला पीळ देऊन, कॉम्प्युटरच्या मागं खुपसलीसुद्धा. आवाज आला! बाटलीत डास कोंडल्यासारखा. तिला इतकं हसू आलं की पदर — पदर कुठला, ओढणी — तोंडात कोंबली. मी सांगितलं, कॉम्प्युटरमधून निघणारा आवाज अशक्त असतो, एवढाली खोकी हलवायला मधे ॲम्प्लिफायर पाहिजे. ॲम्प्लिफायरचा खटका दाबला, तर दिवासुद्धा लागेना.

जेवल्याशिवाय सोडलं नाही. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, लोण्याचा गोळा. वाढायला शालूकाकी, म्हणजे मयूरीची आई. "घे लेकरा, तुझ्या अंगात काय न्हाईच."

ॲम्प्लिफायर मांडीवर घेऊन परत. कंडक्टर म्हणाला, लगेज काढा. मांडीवरच्या वस्तूचं कसलं लगेज? विट्यापासून तासगावपर्यंत भांडलो. पण भांडताना मन भांडणात नव्हतं.

१४ जानेवारी, गुरुवार

संक्रांत. भाऊसोंनी तिळगूळ हातावर ठेवला — "गोड बोल. निदान गिऱ्हाइकाशी तरी."

दुपारी एका गिऱ्हाइकाला म्हणालो, "मग तुम्हीच जोडा."

१५ जानेवारी, शुक्रवार

ॲम्प्लिफायर उघडला. आत किती स्वच्छ काम! प्रत्येक वायर वेणी घातल्यासारखी. फ्यूज उडालेला आणि दोन मोठे कंडेन्सर फुगून बसलेले. बदलले. दिवा लागला, पिवळा, मंद. एकटाच बघत बसलो.

भाऊसो म्हणाले, "अरे, दोन नवे स्पीकर देऊन मोकळा हो की!" मोकळं व्हायचंय कुणाला?

आणखी एक अडचण. सुभेदारांच्या कॉम्प्युटरमधलं साऊंड कार्ड दोनच स्पीकरचं. आता चार स्पीकरचं निघालंय, मागं दोन भोकं — हिरवं पुढच्या जोडीला, काळं मागच्या जोडीला. दुकानात एकच होतं, एका डॉक्टरांसाठी ठेवलेलं. मी उचललं. भाऊसो ओरडले. मी पण ओरडलो. कार्ड माझ्या पिशवीत आहे.

१७ जानेवारी, रविवार

वाजले! चारही वाजले!

क्रमानं लिहितो. केबल दुकानातच करून नेल्या होत्या, एका टोकाला कॉम्प्युटरची पीन, दुसऱ्या टोकाला ॲम्प्लिफायरच्या दोन. स्पीकरच्या वायरी सोप्याच्या कडेकडेनं जमिनीवरून नेल्या, प्रत्येकीला रंगीत चिकटपट्टी — पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा. कार्डाबरोबर एक सीडी येते, तिच्यात हेलिकॉप्टर आहे. लावली. पुढचे दोन वाजले, मागचे मुके. वायर बघ, पीन बघ, ॲम्प्लिफायर बघ. मयूरी म्हणाली, "सरका जरा." माऊस घेतला, शोधत शोधत एका चौकटीत गेली. तिथं लिहिलेलं — दोन स्पीकर. तिनं चार केले.

आणि हेलिकॉप्टर मागं गेलं! डोक्यावरून, खांद्यावरून, मागं, पुन्हा पुढं. शालूकाकी हातातलं सूप टाकून अंगणात धावल्या आणि आभाळात बघायला लागल्या — "कुणीकडं गेलं गं?" सुभेदार मधल्या खुर्चीवर डोळे मिटून बसले होते. "मागनं. डावीकडनं," एवढंच म्हणाले. चेहरा पाच मिनिटं कुठं लांब गेलेला.

मागचा डावा बसवला त्या कोपऱ्यात गुडघ्यावर बसलं की समोर थेट तिचं टेबल. हे मी ठरवून केलेलं नाही. खोली तशीच आहे.

निघताना तिनं तिळगूळ दिला. "घ्या, गोड बोला. तुम्हाला जरा जास्तच देते." मूठभर दिला! सगळ्यांना चिमूटभर आणि मला मूठभर.

रात्री लक्षात आलं — काम तर झालं. आता कडेगावला जायचं कारण काय? एवढं चांगलं जोडायची काय गरज होती, गाढवा!

१९ जानेवारी, मंगळवार

दुकानात फोन. मागचा डावा बंद.

देव आहे!

२० जानेवारी, बुधवार

सोप्यात पाऊल ठेवलं आणि वायरी दिसेनात. एकही नाही. जमीन अशी सपाट, ओली, हिरवट, बोटांच्या कमानी उमटलेल्या. शालूकाकींनी सारवताना सगळ्या वायरी शेणाखाली घेतल्या होत्या!

"लय इस्कटल्यावानी दिसत हुत्या रं," म्हणाल्या. "क्लासला पोरं येणार, पाय अडकून पडली मंजे? म्हणून बसवल्या एकसारख्या." वर अभिमानानं विचारतात, "चांगल्या बसल्या न्हव्हं?"

चिकटपट्ट्या सगळ्या शेणात. उजवी कुठली, डावी कुठली, काही पत्ता नाही. त्यातली एक सारवताना ओढली जाऊन तुटलेली. दुसऱ्या कुणाकडं असतं तर मी काय बोललो असतो ते इथं लिहिण्यासारखं नाही. इथं मात्र बसकण मारली आणि बोटांनी उकरत एकेक वायर काढली. काकी शेजारी बसून मदत करत होत्या. मागची डावी सापडली, जोडली, आणि पुन्हा बाकीच्यांसकट शेणाखाली घातली. खरंच चांगल्या बसतात!

हात धुवायला विहिरीकडे गेलो तर मयूरी पाणी घालायला आली. म्हणाली, "चिडला नाहीत?"

"कशाला चिडू?"

"नाही, म्हटलं… जर्नल फेकणारे तुम्हीच ना?"

तांब्यातलं पाणी संपलं होतं तरी मी हात पुढं धरून उभा.

"माझ्या पुढ्यात पडलं होतं," ती म्हणाली. "एक वीत पुढं असते तर डोक्यात. मी उचलून शिपायाकडं दिलं. आकृत्या छान काढल्या होत्या."

म्हणजे ती त्या दिवशी आमच्या कॉलेजात आली होती! का, ते विचारायला तोंड उघडलं नाही. मूठभर तिळगुळाचा अर्थ आत्ता लागला. तिच्या लेखी मी वरून वस्तू फेकणारा माणूस आहे. बस. एवढीच ओळख.

ही ओळख बदलायची. काही झालं तरी. तिच्या डोळ्यांदेखत मी आयुष्यात चिडणार नाही.

२२ जानेवारी, शुक्रवार

घरी फोन केला. आण्णांनी उचलला. मागं रेडिओ लागलेला, नेहमीसारखा. मी "हॅलो" म्हणालो, त्यांनी न बोलता रिसीव्हर आईकडं दिला. आई म्हणाली, "आण्णा विचारतायत, जेवतोस का वेळेवर." आण्णा काही विचारत नव्हते.

पहिलं सोल्डरिंग त्यांनीच शिकवलं होतं मला. शाळेतून येताना प्रयोगशाळेतल्या मोडक्या वस्तू खिशात घालून आणायचे.

२४ जानेवारी, रविवार

आता चारही स्पीकरमधून घूंऽऽ. पोळं उठल्यासारखं. घराला अर्थिंगच नाही! अंगणात खड्डा घेतला. खणायला सुभेदार स्वतः उतरले. मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी, वरून माती. घूं गेलं.

खणताना सुभेदार पहिल्यांदाच गप्पा मारत होते. साताऱ्यात घर कुठं? शनिवार पेठेत. वडील? शाळेत विज्ञान शिकवतात. आजोळ कुठलं? कोरेगावकडं. मामा किती? आत्या कुठं दिलीय? बिचाऱ्यांना खणायचं काम कंटाळवाणं वाटत असावं, म्हणून काहीतरी विचारत होते. मी पण सगळं सांगितलं, वेळ बरा गेला.

मग म्हणाले, "कॉलेज का सोडलं?"

मयूरी ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी म्हणालो, "राग आला म्हणून."

"कुणाचा?"

"तेव्हा सरांचा. आता…" कुदळ मारली.

शालूकाकींना सांगितलं, ह्या खड्ड्यात रोज तांब्याभर पाणी घाला, कोरडा पडू देऊ नका. "बया! देवच म्हणायचा की," म्हणाल्या.

क्लास परवा सुरू होतोय, सव्वीस जानेवारीला. मला बोलावणं आहे. कामासाठी नाही — पाहुणा म्हणून!

२६ जानेवारी, मंगळवार

इस्त्रीचा शर्ट. सुभेदारांनी अंगणात झेंडा लावला, पोरांनी सलामी दिली, पेढे वाटले. पेढे मी साताऱ्याचे नेले होते, कंदी. सोप्यात गर्दी — पोरं, त्यांच्या आया, आणि सुभेदारांचे फौजेतले मित्र नाथाजी, खुर्ची अडवून बसलेले.

मयूरीनं हेलिकॉप्टर सुरू केलं. पुढून आलं, उजवीकडनं गेलं, मागं वळलं — आणि गायब. मागचा डावा मुका!

पोरं हसली. नाथाजी मोठ्यानं म्हणाले, "हंबीरराव, अर्ध्यात शिक्षण सोडलेल्याकडनं काम करून घेतलं की असंच व्हायाचं. तीन बाजूंनीच वाजणार!"

सगळे हसले. कान तापले माझे. डोळ्यांपुढं तो वर्ग, ते सर, ती खिडकी. इथं खिडकी नव्हती, पण हाताशी पेढ्यांचा बॉक्स होता. उचलला. खरंच उचलला.

आणि उघडून नाथाजींच्या पुढं धरला. "घ्या काका. बरोबर बोललात. बघतो मी."

माझा आवाज मलाच परका वाटला. कोपऱ्यात जाऊन गुडघ्यावर बसलो. मान वर केली तर समोर मयूरी, टेबलाला टेकून, एकटक माझ्याकडं बघत. ती हसत नव्हती.

पण खरी गोष्ट पुढंच! वायर तुटलेली नव्हती. स्पीकरच्या मागचा स्क्रू सैल केलेला आणि वायर सरळ, नीट, बाजूला ठेवलेली. तारांचा पीळसुद्धा मोडलेला नाही. उंदीर अशी वायर सोडवत नाहीत.

जोडली. हेलिकॉप्टर पुरं फिरलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

२७ जानेवारी, बुधवार

कुणीतरी काढली. कुणी? काकी तिकडं फिरकत नाहीत, आता भितात त्या वायरींना. सुभेदार स्वतःची वस्तू कशाला बिघडवतील? मग उरलं कोण?

मी पुन्हा यावं म्हणून!!

दिवसभर दुकानात सगळ्यांशी गोड बोललो. भाऊसोंनी विचारलं, ताप आलाय का.

३१ जानेवारी, रविवार

काल पुन्हा फोन — मागचा डावा. आज गेलो. तेच. स्क्रू सैल, वायर बाजूला, व्यवस्थित.

आज हिंमत केली. सोप्यात दोघंच होतो. कोपऱ्यात बसल्या बसल्या म्हणालो, "वायर काढायची गरज नाही. नुसता फोन केला तरी येईन मी."

ती पोरांच्या वह्या लावत होती. थांबली. "म्हणजे? मी काढते असं वाटतं तुम्हाला?"

"मग…"

"मी हातही लावलेला नाही त्या वायरीला. शपथेवर सांगते." आणि कानाच्या पाळ्या लाल करून आत निघून गेली.

खोटं बोलत नव्हती. खोटं बोलणाऱ्याचा आवाज असा नसतो.

संपलं. मी एक नंबरचा मूर्ख आहे. वर तिला वाटलं असणार, हा माझ्यावर आळ घेतो. जोडून निघालो. काकींनी चहाला थांब म्हटलं, थांबलो नाही.

४ फेब्रुवारी, गुरुवार

पुन्हा फोन. सुभेदार स्वतः. "इंजिनिअर, तुझा मागचा डावा गेला. रविवारी ये." माझा? माझा कसा?

भाऊसो ऐकत होते. म्हणाले, "दिग्या, तुला अक्कल हाय का? त्यो सिग्नलचा माणूस. डोंगरावर बर्फात तारा जोडल्या आसतील त्यानं. त्याला घरातली एक वायर जोडता येत न्हाई व्हय? राबवून घेतोय तुला, फुकटात!"

डोक्यात लख्ख झालं. खरंच की! आख्खं आयुष्य वायरीत गेलेला माणूस. मीच आंधळा. म्हणजे चेष्टा चाललीय माझी. अर्धा इंजिनिअर, बोलवा, गुडघ्यावर बसवा, गंमत बघा. त्या नाथाजींना पण ठाऊक असणार.

रविवारी जाणार. जोडणार नाही. तोंडावर सांगणार, ही तुमची वायर आणि हा मी. मयूरी समोर असली तरी. असू दे! मला चिडकाच समजते ना, मग बघू दे.

७ फेब्रुवारी, रविवार

विट्यापासूनच वाक्यं पाठ करत होतो. स्टँडवर उतरलो. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रस्ता अडवून उभ्या. ट्रॅक्टरवाल्याशी भांडलो, सराव म्हणून. घर आलं.

अंगणात शालूकाकी अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी घालत होत्या. खड्ड्याभोवती दगडांचं आळं केलेलं, त्यावर हळदकुंकू, आणि एक शेवंतीचं फूल. "रोज घालते हो," मला म्हणाल्या. "येक दिस चुकवला न्हाई. आवाज चांगला येतो का बघ."

पहिलं वाक्य तिथंच गेलं.

सोप्यात आठ-दहा पोरं. मयूरी एका बारक्या मुलीचा हात माऊसवर धरून फिरवत होती. मला बघून म्हणाली, "आलात? मला वाटलं, आता येणार नाही." आणि पटकन मान खाली.

दुसरं वाक्य तिथं गेलं.

सुभेदार मधल्या खुर्चीवर, पाठ ताठ, मिशांना पीळ. मी समोर जाऊन उभा राहिलो. म्हणायचं होतं, सुभेदार, तुम्हाला वायर जोडता येते. तोंड उघडलं. चारी बाजूंनी पोरांची कुजबुज, मागं काकींच्या तांब्याचा आवाज. आणि माझ्या लक्षात आलं की मला राग आलेलाच नाही. शोधला, पण सापडेना! चेष्टा करत असतील तर करोत. माझे रविवार इतके चांगले आधी कधी गेले होते?

कोपऱ्यात गेलो, बसलो, वायर उचलली, स्क्रू आवळला. मग तिथूनच म्हणालो —

"सुभेदार, ही वायर कुणीतरी काढतंय. काढू दे. मी चिडणार नाही. फक्त बोलवत चला."

पोरं वळून बघायला लागली. मयूरीच्या हातातला माऊस टेबलावरून खाली लोंबकळायला लागला. सुभेदार उठले, आत गेले आणि तोंड धुतल्याचा आवाज आला. बाहेर येऊन म्हणाले, "चा घे. आन् ते 'सुभेदार सुभेदार' बास आता. मामा म्हण."

काय झालं ते कळलं नाही. पण परत येताना खिडकीची जागा मिळाली, ऊन कलत होतं, आणि कंडक्टरशी अजिबात भांडलो नाही.

१० फेब्रुवारी, बुधवार

दुकानात फोन, साताऱ्याहून. मी म्हणालो, "हां आई, बोल."

"मी बोलतोय."

आण्णा!

"काल कडेगावचे एक सुभेदार आले होते. काकवीचा डबा घेऊन. दोन तास बसले. शेवटी विचारलं, मुलगा तापट आहे का. मी सांगितलं, आहे. खोटं कशाला बोलू?"

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"तर हसत सुटले. म्हणाले, मग माझ्या घरी कुठं गेला हुता त्याचा ताप? पोरगी म्हणाली, मुलगा मनात हाय, पण चिडला तर कसा चिडतो तेवढं बघा. म्हणून तीनदा वायर काढली. नाथाजीला बोलायला लावलं. काढायचो मी, पण सांगायची ती — मागच्या डाव्याचीच काढा, तिथं बसलं की माझ्या टेबलावरनं त्याचं तोंड दिसतं."

मग मलाच विचारलं आण्णांनी —

"खरं आहे का रे हे? चिडला नाहीस?"

"तिथं नाही चिडलो, आण्णा."

मग घसा खाकरून म्हणाले, "रविवारी घरी ये. आपला रेडिओ बंद पडलाय. बघून जा."

त्यांच्या मागं रेडिओवर बातम्या चालू होत्या. शब्द न् शब्द ऐकू येत होता.